व्याख्यानं घरी ऐकता येत असताना मेळाव्याला कशाला जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं तुम्ही मराठ्यांच्या इतिहासावरची व्याख्यानं मोबाइलवर ऐकताय, शंभराच्या वर ऐकून झाली. आता इतिहासप्रेमींचा दोन दिवसांचा मेळावा भरतोय. तिथली भाषणं चित्रित होणार आणि महिन्याभरात घरबसल्या बघायला मिळणार. तुमच्याकडे इतिहासाची पदवी नाही, तिथे ओळखीचं कुणी नाही, चारचौघांत बोलायला तुम्ही बिचकता. मग जायचं कशाला, आणि गेलंच तर करायचं काय?

पण शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय. इतकं ऐकूनही कुणी विचारलं तर दोन गोष्टी खात्रीने सांगता येत नाहीत, आणि दोन वक्ते वेगवेगळं सांगतात तेव्हा कोण बरोबर ते कळत नाही. माझ्या मते खरं दुखणं हे आहे. जायचं की नाही, हा प्रश्न त्याच्या मागून येतो. म्हणून आधी तिकडे वळते.

मी वीसेक वर्षं अशा मेळाव्यांच्या पडद्यामागे आहे. वक्त्याला वेळ संपल्याची चिठ्ठी देणं, श्रोत्यांमध्ये माइक फिरवणं, चित्रीकरणावर लक्ष ठेवणं, ही माझी कामं. पुढे जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकले आणि अधूनमधून स्वतःही बोलायला उभी राहू लागले. आणि तिथेच माझी एकदा चांगली फजिती झाली, ती आधी सांगते.

विषय होता सतराव्या शतकात बातम्या कशा पसरत. इंग्रजांच्या वखारीतली पत्रं आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली होती. एकाच घटनेची बातमी इंग्रजी पत्रात ज्या तारखेला होती, त्यानंतर बरोबर दहा दिवसांची तारीख पोर्तुगीज पत्रावर होती. मी त्यावर वीस मिनिटांचा इमला उभा केला. इंग्रजांचे हेर कसे चपळ, पोर्तुगीज कसे सुस्त, वगैरे. टाळ्या पडल्या. मग शेवटच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पोर्तुगालने नवी, म्हणजे आजची ग्रेगोरियन दिनगणना १५८२ सालीच घेतली. इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच धरून होते. त्या काळात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. तुमची ही दोन्ही पत्रं एकाच दिवशी लिहिलेली आहेत."

सभागृहात काय झालं असेल याची कल्पना करा. पण गोष्ट तिथे संपत नाही. मी 'धन्यवाद' म्हटल्याबरोबर कॅमेऱ्यावरच्या मुलाने चित्रीकरण थांबवलं होतं. मेमरी कार्ड पुरायला हवं म्हणून मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या चित्रफितीत माझी वीस मिनिटं आहेत आणि त्या गृहस्थांची चार वाक्यं नाहीत. माझ्या सगळ्या भाषणांत लोकांनी सर्वांत जास्त पाहिलेलं भाषण तेच. खाली वर्णनात मी नंतर दुरुस्ती लिहिली. ती उघडून वाचणारे विरळाच.

तुम्ही शंभर व्याख्यानं ऐकली म्हणता, तेव्हा मला हे आठवतं. चित्रफितीत विधान येतं, त्यावरचा आक्षेप बहुधा बाहेर राहतो. याला कुणाचा कावा कारणीभूत नसतो, कारणं अगदी साधी असतात. माइक वक्त्याच्या गळ्याशी असतो, श्रोत्याचा आवाज त्यात येत नाही. वक्ता प्रश्न पुन्हा उच्चारत नाही, थेट उत्तर देतो, आणि संकलन करणाऱ्याला अधांतरी उत्तर नकोसं वाटतं. काही प्रश्न म्हणजे पाच मिनिटांचं स्वगत असतं, ते कापताना शेजारचा चांगला प्रश्नही जातो. काही जण प्रश्न विचारताना चित्रात यायला तयार नसतात. आणि खरी वादावादी तर मध्यंतरात जिन्यावर होते, तिथे कॅमेरा कधीच नसतो.

आता 'कोण बरोबर' याकडे. दोन वक्ते वेगळं सांगत असले तर मी आवाजावर, पदवीवर किंवा टाळ्यांवर जात नाही. एकच बघते: हे कशावरून सांगताहेत, आणि घटना आणि ते साधन यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे. उदाहरणार्थ, 'बखरीत लिहिलंय' हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. कुठल्या बखरीत? कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत बखर लिहिली, तो काळ १६९० च्या दशकातला. मल्हार रामराव चिटणीसाची बखर थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पहिलीत आणि राज्याभिषेकात वीसेक वर्षांचं अंतर, दुसरीत सव्वाशेहून जास्त. दोन्ही 'बखरी'च. सभासद जवळचा म्हणून त्याचं सगळं खरं असं नाही, तोही आठवणीवरून लिहितो आणि त्याचे क्रम चुकतात. पण एक वक्ता सभासदावर विसंबतोय आणि दुसरा चिटणीसावर, हे कळलं की निम्मं भांडण समजतं.

तारखांचं तसंच आहे. महाराजांच्या जन्मवर्षाचा वाद घ्या. आधी १६२७ हे वर्ष रूढ होतं. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार नोंदींची यादी, प्रसिद्धीला आणली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी सापडली. त्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. एखादा वक्ता शकात ७८ मिळवून हे वर्ष १६२९ सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे काहीतरी नवीन संशोधन आहे. तसं काही नसतं. शक चैत्रात सुरू होतो, फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. दुसरा वक्ता १ मार्च १६३० म्हणतो. तोही चूक नाही, त्याने नव्या दिनगणनेने तारीख काढलेली आहे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या गणनेची, नव्याने ती १६ जून होते.

इंग्रजी कागदांत आणखी एक खोच आहे. त्यांचं सरकारी वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलत असे. महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण त्या महिन्यातल्या इंग्रजी पत्रावर १६६३ दिसू शकतं. हे एकदा माहीत झालं की पडद्यावरचा कागद आणि वक्त्याचं बोलणं जुळत नाही म्हणून गोंधळायला होत नाही. मला माहीत व्हायला ते शेवटच्या रांगेतले गृहस्थ लागले.

मग चित्रित व्याख्यानं ऐकू नयेत का? छे, जरूर ऐकावीत, फक्त वेगळ्या तऱ्हेने. थांबवता येणं ही त्यांची मोठी सोय, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही. कामं करता करता कानाशी लावून ठेवतो, आणि मग काही आठवत नाही म्हणून स्वतःला दोष देतो. मी वहीचं पान मधोमध दुमडते. डाव्या बाजूला वक्त्याचं विधान आणि ते कितव्या मिनिटाला आलं ते लिहिते, उजव्या बाजूला त्याचं साधन. एका तासाच्या भाषणातून पाच-सहा विधानं पुरेत. बऱ्याच भाषणांत उजवी बाजू जवळजवळ कोरी राहते. ती कोरी बाजू बघितली की त्या भाषणाबद्दल जे कळायचं ते कळतं. वक्ता खोटं बोलतोय असा त्याचा अर्थ नाही, त्याने आधार सांगितलेला नाही एवढाच. पण तुमच्या डोक्यात शंभर भाषणांचा गलका का झालाय, ते तिथे दिसेल.

आकड्यांपाशी विशेष थांबा. आपल्या भाषेत 'सात हजार' आणि 'साठ हजार' बोलताना इतके जवळ येतात की साध्या मोबाइलच्या आवाजात फरक उरत नाही. सैन्याचा आकडा ऐकून तो पुढे सांगणारे किती जण तो दुसऱ्यांदा ऐकतात? यंत्राने आपोआप टाकलेल्या अक्षरओळींवर तर अजिबात विसंबू नका. 'मोकासा', 'सरंजाम', 'तैनात' अशा शब्दांचं तिथे काय होतं ते वाचून हसू येतं, आणि आकडे चुकले तर हसूही येत नाही, कारण चूक दिसतच नाही.

पडद्यावर कागदाचं चित्र येतं तेव्हा चित्रफीत थांबवा आणि वाचता येईल तेवढं वाचा. अनेकदा कॅमेरा वक्त्याच्या चेहऱ्यावरच असतो आणि कागद दिसत नाही. ही आमच्यासारख्यांची चूक. मी आता मुलांना सांगते की चेहरा पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांनी पाहिलेला असतो, कागद दाखवा. आणि ऐकण्याच्या जोडीला छापील पत्रं ठेवा. वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, त्यात पानिपतपर्यंतच्या दहाबारा वर्षांतली पत्रं आहेत. पानिपतवर चार भाषणं ऐकलीत ना? मग त्यातली दहा पत्रं वाचा. भाषा पहिल्यांदा अडेल, तिसऱ्या पत्रापासून चालू लागेल. त्यानंतर पाचवं भाषण तुम्हाला वेगळंच ऐकू येईल.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, ऐकलेल्याचा आधार शोधायची सवय घरी चित्रफितींवर लागते. आधार पारखायची सवय मात्र माणसांत बसून लागते, आणि तेवढ्यासाठी मेळावा.

पण कुठलाही मेळावा नव्हे. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. प्रवास फार लांबचा असेल, घरी कुणी आजारी असेल, गर्दीत तुम्हाला नीट ऐकू येत नसेल, तर ओढून ताणून जाऊ नका. चित्रफीत आणि वही यांवरही पुष्कळ होतं. बाकी मेळावा जाण्याजोगा आहे की नाही, हे मी कार्यक्रमपत्रिकेवरून ठरवते. प्रश्नोत्तरांना वेळ छापलेला आहे का, हे पहिलं बघते. 'वेळ उरल्यास' असं असेल तर वेळ उरत नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवावरून लिहून देते. मग विषय बघते. 'शिवकाल: एक दृष्टिक्षेप' असे दोन-तीन विषय दिसले तर ते घरी ऐकले तरी चालतात. एखाद्या किल्ल्याच्या पाणीव्यवस्थेवर, एखाद्या परगण्याच्या जमाखर्चावर कुणी बोलणार असेल तर ते माणूस त्यात बुडलेलं असतं, त्याला प्रत्यक्ष भेटण्यात अर्थ आहे. आणि सत्कार, मनोगतं, आभार यांनीच पत्रिका भरली असेल, तर मी आयोजक असूनही सांगते, जाऊ नका.

पदवीचं मनातून काढून टाका. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करणारे आणि छापणारे पुष्कळ लोक विद्यापीठाबाहेरचेच होते. राजवाड्यांनी आणि खंडो चिमाजी मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, तेही सरकारी आधारावाचून. त्यांच्या संमेलनांचं वृत्त छापलं जाई. ती त्या काळची 'चित्रफीत'च म्हणा. जेधे शकावली लोकांपुढे आली ती अशाच एका संमेलनवृत्तातून.

जायचं ठरलं तर आधी वक्त्यांची यादी घ्या आणि ज्या दोघांबद्दल कुतूहल आहे त्यांचं एकेकच जुनं भाषण वहीच्या पद्धतीने ऐका. सगळ्यांची सगळी ऐकायच्या फंदात पडू नका. उजवी बाजू जिथे कोरी राहिली, तोच तुमचा प्रश्न. तयार, एका ओळीचा, नेमका. "अमुक विधानाचं साधन कोणतं, आणि ते छापलेलं आहे का?" एवढंच. उभं राहून बोलवत नसेल तर चिठ्ठी पाठवा, किंवा मध्यंतरात गाठा. ज्याला खरोखर विषय ठाऊक आहे त्याचा चेहरा या प्रश्नाने खुलतो, मी कितीदा पाहिलंय. जो चिडतो त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळलंच. 'मला वाटतं', 'मी असं वाचलंय' असं म्हणून स्वतःचं भाषण मात्र सुरू करू नका. माइक फिरवणाऱ्या बाईची ही कळकळीची विनंती.

आणि सगळी सत्रं बसून काढू नका. दोन दिवसांत दोन तरी सोडा. सोडलेलं सत्र नंतर बघता येतं, जिन्यावरचं नाही.

जिन्यावर काय असतं, ते एका उदाहरणाने सांगते. एका मेळाव्यात मध्यंतर लांबलं होतं, आत सत्कार चालले होते. एक शेतकरी गृहस्थ घरचा रुमाल घेऊन आले होते, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं पुडकं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की यात पानिपतहून आलेलं पूर्वजांचं पत्र आहे. पायरीवर त्यांनी गाठ सोडली, आम्ही पाच-सहा जण वाकलो. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक जण बोट न लावता, श्वास रोखून वाचत होता, दुसरा मध्येच "नाही, तो 'म' नाही" म्हणत होता. 'छ' आला, त्यापुढे चंद्र, म्हणजे चांद्र महिन्याची तारीख, आणि मुसलमानी महिना. मग गावाचं नाव. मग दोन भाऊ. बांधावरच्या आंब्याच्या झाडाचा तंटा होता तो, पानिपतचा मागमूस नव्हता.

गृहस्थांचा चेहरा पडला. तेवढ्यात एका मुलीने कागद उलटा करायला सांगितला. मागे वेगळ्या हाताची दोन ओळींची नोंद होती, तंट्याच्या निवाड्याची. आम्ही सगळे पुन्हा वाकलो. निवाडा धाकट्याच्या बाजूने लागला होता. ते ऐकून गृहस्थ एकदम हसायला लागले. म्हणाले, "आम्ही थोरल्याचे. तो आंबा अजून आमच्यातच धरलाय."

त्या पंधरा मिनिटांत मी जे शिकले ते कुठल्याही भाषणात नव्हतं. मागची बाजू बघितल्याशिवाय कागद वाचून झाला म्हणायचं नाही. छायाचित्र घेताना दोन्ही बाजू घ्यायच्या, घड्यांसकट. तुमच्या घरी असे कागद असतील तर मेळाव्याला मूळ न आणता अशी छायाचित्रं आणा. आणि कृपा करून त्यांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. जपण्याच्या हौसेने लोक ते करतात, आणि ते कागदाला इजा न होता पुन्हा निघत नाही.

दुसऱ्याचे अप्रकाशित कागद किंवा भाषण विचारल्याशिवाय मोबाइलवर टिपून पुढे पाठवू नका. अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो, त्याच्या पुढचं 'पण' फिरत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की एकट्याने गेलं तर चालेल का. एकटेच जा. मित्राबरोबर गेलात तर दोन दिवस मित्राशीच बोलाल. जागा मागच्या रांगेत धरा. तिथून वक्ता जरा लहान दिसतो, पण कागद मांडीवर घेऊन बसलेली, मान हलवणारी, शेजाऱ्याच्या कानात "चूक, चूक" म्हणणारी माणसं तिथेच असतात. माझ्या तारखा सुधारणारे ते गृहस्थही तिथेच बसायचे. मध्यंतर झालं की पुढे वक्त्याभोवती गर्दी होते. तुम्ही मागे वळा आणि विचारा, "तुम्ही मघाशी मान का हलवलीत?"